फळ्यावरील कागद

आमच्या गांवीं ग्रामसभेची नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागते. तेथें थांबून ती वाचणारे थोडे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणें सभेस मतदारांपैकीं शेंकडा 15 किंवा 100, यांतील कमी ती संख्या, हजर लागते. तहकूब सभेस मात्र हें बंधन नाहीं. म्हणून न वाचलेला कागदच मूठभरांच्या ठरावास वाट करून देतो! आमच्या काकूंस अक्षरओळख नव्हती. पण दवंडी कानीं पडली कीं त्या हातांतलें सूप खालीं ठेवून ऐकत. कागद चिकटला म्हणजे बोलावणें पोंचलें, असें नव्हे. प्रश्न पाण्याचा असो वा गायरानाचा, ज्याचें हित त्यांत गुंतलें आहे त्याच्या उंबऱ्यापर्यंत वर्दी गेली काय, हें आपण विचारलेंच पाहिजे.