नोंदवहीतली रिकामी ओळ

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुलाला जे ठाऊक आहे तिथून निघावं आणि ठाऊक नाही तिथे पोचावं, असं आम्हाला बी.एड.ला घोकून घेतलं होतं. आमच्या मुलांना ठाऊक असतं ते गॅरेज. सातवीच्या वर्गात निम्म्या पोरांचे अब्बा, चाचा नाहीतर मामू मिस्त्री, डेंटर किंवा वेल्डर. ही पोरं गाडीचा नुसता आवाज ऐकून दुखणं कुठं आहे ते सांगतात. त्यांना उत्तर अमेरिका शिकवायची तर न्यूयॉर्कच्या उंच इमारतींपासून कशाला सुरुवात करायची? आम्ही विन्स्टन-सेलमपासून करतो.

नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं हे तंबाखूचं शहर. विन्स्टन आणि सेलम ही दोन वेगळी गावं १९१३ साली एक झाली. पुढे याच दोन नावांच्या सिगारेटी निघाल्या, त्या इथल्या आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीच्या. कंपनीचे एक प्रमुख बोमन ग्रे, त्यांच्या नावाचं एक स्टेडियम शहरात आहे. महामंदीच्या काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकारी पैशातून ते १९३७ साली बांधलं. ग्रे कुटुंबानेही देणगी दिली. ज्यांच्या घरात बिड्या वळून चूल पेटली त्यांना या गावाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. तंबाखूच्या पैशाचं मैदान म्हटलं की पोरं मान डोलावतात.

मधे फुटबॉलचं मैदान आणि त्याभोवती पाव मैलाची सपाट डांबरी वाट. पाव मैल म्हणजे चारशे मीटर, आपल्या क्रीडास्पर्धेत पोरं पायांनी धावतात तेवढंच. त्या एवढ्याशा वर्तुळात वीसेक गाड्या सोडायच्या! वळणावर उतार नाही, पुढे काढायला जागा नाही. मग पुढच्याला मागून धक्का द्यायचा आणि तो बाजूला सरकला की आत घुसायचं. भांडणं तर ठरलेलीच. लोकांनी या जागेला ‘मॅडहाउस’ म्हणजे वेड्यांचं घर असं नाव ठेवलं ते उगाच नाही. बिल फ्रान्स आणि आल्विन हॉकिन्स या दोघांनी १९४९ साली इथे दर आठवड्याच्या शर्यती सुरू केल्या. उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री गाव तिथे लोटतं, ते आजतागायत. याच मैदानावर काळ्या समाजासाठी निघालेल्या विन्स्टन-सेलम स्टेट विद्यापीठाचा संघ फुटबॉल खेळतो.

‘स्टॉक कार’ म्हणजे दुकानात मिळते तशी गाडी. शर्यतीसाठी खास घडवलेली नव्हे. निदान सुरुवातीला तरी तसंच होतं. त्या भागात चोरटी दारू वाहणारे लोक पोलिसांना चुकवण्यासाठी साध्या दिसणाऱ्या गाड्यांची इंजिनं सुधारून घेत, आणि मागे माल भरला तरी गाडी बसू नये म्हणून कमानी पक्क्या करून घेत. तीच माणसं आणि तेच मिस्त्री शर्यतीत उतरले. फ्रान्स यांनी १९४८ साली उभ्या केलेल्या नॅस्कार या संस्थेची अशा गाड्यांची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लटला झाली. ग्लेन डनवे पहिला आला. नंतर तपासणीत मागच्या कमानीची करामत उघडी पडली आणि विजय जिम रोपरच्या नावावर गेला. पहिल्याच शर्यतीत पहिलं नाव खोडलं गेलं! हे ऐकून आमची पोरं मात्र मिस्त्रीच्या बाजूने वाद घालतात. कमान पक्की करणं हा गुन्हा कसा, असं त्यांचं म्हणणं.

बोमन ग्रेवर घराणी गाडी चालवतात. बिली आणि बॉबी मायर्स हे भाऊ याच गावचे. बॉबी १९५७ साली डार्लिंग्टनच्या शर्यतीत अपघातात गेला. पुढच्याच वर्षी बिलीला बोमन ग्रेवर शर्यत चालू असताना हृदयविकाराचा झटका आला आणि तोही गेला. त्या घरातली पोरं गाडीजवळ फिरकणार नाहीत असं कुणालाही वाटेल. पण बिलीचा नातू बर्ट आज तिथे गाडी चालवतो.

या भावांच्या नावाने तिथे शर्यत भरे. ६ ऑगस्ट १९७१ ची शर्यत अडीचशे फेऱ्यांची होती. मोठ्या गाड्या पुरेशा येत नव्हत्या म्हणून नॅस्कारने लहान गटातल्या गाड्यांनाही सोबत धावू दिलं. बॉबी अ‍ॅलिसनने लहान गटातली मस्टँग आणली आणि मोठ्या गाडीतल्या रिचर्ड पेटीला मागे टाकून तो पहिला आला. आता हा विजय लिहायचा कुठे? लहान गाडीचा विजय मोठ्या वहीत कसा चढवायचा? आणि दुसरा आलेल्याला पहिला तरी कसं म्हणायचं? मग शर्यत नोंदली गेली आणि विजेत्याची ओळ रिकामी राहिली.

टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना १९७१ च्या सुरुवातीला बंदी आली. तो पैसा शर्यतींकडे वळला आणि विन्स्टन सिगारेट मोठ्या मालिकेची पुरस्कर्ती झाली. १९७१ साली ४८ शर्यती होत्या, १९७२ साली ३१ उरल्या. लहान शर्यती गळाल्या, त्यात बोमन ग्रेही गेलं. ज्या कंपनीच्या माणसाचं नाव मैदानाला, तिचाच पैसा आला आणि मैदान मोठ्या यादीतून बाहेर पडलं.

रिकाम्या ओळीची गोष्ट आम्हाला का लागते, हे सांगायला हवं. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जुन्या अक्षरात लिहिलेली नावं आहेत. शेख कुठे आधी आहे, कुठे शेवटी. अब्दुर्रहीमचा एका ठिकाणी अब्दुल रहीम झाला, दुसऱ्या ठिकाणी नुसता रहीम. आमचा एक माजी विद्यार्थी, हाताचा पक्का मिस्त्री, परदेशात नोकरी ठरली म्हणून दाखला घ्यायला आला. दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं. एका कार्यालयाने शाळेकडे पाठवलं, शाळेने दुसऱ्या कार्यालयाकडे, आणि तिथे त्याला विचारलं, तूच तो कशावरून? नावाची दुरुस्ती होईपर्यंत जागा दुसऱ्याने भरली होती. कुणी मुद्दाम वाईट केलं असं नाही. वहीत लिहिणाऱ्याला ऐकू आलं तसं त्याने लिहिलं.

वेंडेल स्कॉटच्या बाबतीत मात्र एवढं सौम्य बोलवत नाही. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा हा काळा मिस्त्री-चालक स्वतःच स्वतःची गाडी दुरुस्त करी. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडात जॅक्सनव्हिलच्या मातीच्या ट्रॅकवर तो दोन फेऱ्यांनी पुढे होता. विजेता म्हणून नाव पुकारलं बक बेकर या गोऱ्या चालकाचं. प्रेक्षक घरी गेल्यावर, काही तासांनी, मोजणीत चूक झाली असं मान्य झालं आणि नोंद स्कॉटच्या नावावर आली. करंडक मात्र मिळाला नाही. स्कॉट १९९० साली वारला. नॅस्कारने त्याच्या कुटुंबाच्या हाती करंडक दिला तो ऑगस्ट २०२१ मध्ये.

बोमन ग्रेवर नॅस्कारची मोठी मंडळी २ फेब्रुवारी २०२५ रोजी परतली. हंगामाआधीची ‘क्लॅश’ तिथे झाली आणि चेस एलियट जिंकला. बर्ट मायर्सही त्या शर्यतीसाठी उतरला होता. त्याच्या तीन-चार महिने आधी, २३ ऑक्टोबर २०२४ रोजी, नॅस्कारने १९७१ ची ती ओळ भरली. अ‍ॅलिसन यांचे विजय ८४ चे ८५ झाले आणि बरोबरीत असलेल्या डॅरेल वॉल्ट्रिप यांना मागे टाकून ते यादीत एकटे चौथे झाले. ९ नोव्हेंबरला, ८६ व्या वर्षी, ते गेले. त्या पंच्याऐंशीसोबत त्यांना सतरा दिवस मिळाले.