ध्वनि आणि चित्र यांचा मेळ

जुन्या चित्रफितींचें संगणकासाठीं रूपांतर करून ठेवण्याची इष्ट चाल हल्लीं घरोघर पडली आहे. पण तिच्या मागोमाग एक तक्रारहि ऐकूं येते. माणूस बोलून मोकळा होतो आणि त्याचे शब्द मागाहून उमटतात, किंवा ओठ हलण्यापूर्वींच आवाज येतो. या व्याधीवर बहुधा घरच्या घरीं उपाय होतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

ध्वनि मागें पडणें सृष्टीला नवीन नाहीं. पैलतीरावर धोबी कपडा आपटतो तेव्हां आपटणें आधीं दिसतें, आवाज नंतर येतो. कारण ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४० मीटरच. म्हणून आवाज किंचित् मागें राहिला तर मन चालवून घेतें, पुढें धांवला तर तत्काळ खटकतें. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ सालच्या शिफारशींतहि ही मर्यादा विषमच आहे: ध्वनि ४५ सहस्रांश सेकंद पुढें गेला कीं जाणवतो, मागें मात्र १२५ पर्यंत खपतो.

संगणकावरील फाइल एक दिसते, पण एमपी४ असो वा एमकेव्ही, ती नुसती पेटी होय. आंत चित्राचा प्रवाह निराळा, ध्वनीचा निराळा. रूपांतरांत दोन्ही सोडवून पुन्हां बांधतात, आणि तेथेंच कालाचा हिशेब चुकतो.

औषधापूर्वीं निदान हवें. प्रारंभीं एक व शेवटीं एक असें स्थळ पाहावें, जेथें टाळी वाजते किंवा भांडें पडतें. (चित्रपटाचे लोक चित्रणापूर्वीं फळी वाजवितात ती याचसाठीं.) दोन्हीकडे अंतर सारखेंच असेल तर काम सोपें. व्हीएलसींत जे व के या कळांनीं ध्वनि ५० सहस्रांश सेकंदांनीं मागेंपुढें सरकतो. किती वेळां दाबल्यावर मेळ बसला तें मोजावें. हें केवळ पाहण्यापुरतें झालें. कायमच्या उपायासाठीं एफएफएमपेग या विनामूल्य साधनानें तितकाच ध्वनि सरकवून नवी फाइल करावी.

अंतर वाढत जात असेल तर सरकविणें व्यर्थ; एक टोक जुळवावें तों दुसरें सुटतें. भ्रमणध्वनीवरील चित्रणांत हें फार घडतें, कारण उजेड कमी झाला कीं कित्येक यंत्रें सेकंदाला कमी चित्रें घेतात आणि रूपांतर करणारें साधन गति एकसारखी धरून चालतें. हँडब्रेकमध्यें स्थिर चित्रगतीचा पर्याय निवडून मूळ फाइलीचें पुन्हां रूपांतर केलें म्हणजे बहुधा भागतें.

फितीची गोष्ट निराळी. आमच्या पुतण्याच्या १९९६ सालच्या मुंजीची फीत शहरांतील एका दुकानीं रूपांतरास दिली होती. तींत आमचे थोरले बंधु दादा खड्या आवाजांत मंगलाष्टकें म्हणत आहेत. दादा २०११ सालीं निवर्तले. त्यांचा आवाज असलेलें घरांत दुसरें कांहीं नाहीं. पन्नासाव्या मिनिटास ओठ मिटलेले आणि स्वर चालूच! वहिनी उठून आंत गेल्या. "हे यांचें बोलणें नव्हे," एवढेंच म्हणाल्या. दुकानदाराचें उत्तर, फीत जुनी आहे, चालायचेंच.

नातू म्हणाला, "आजोबा, आधीं दोन्ही टोकें पाहूं." प्रारंभीं अंतर शून्य, तेथें तीन सेकंद. म्हणजे ३,००० सेकंदांचें चित्र आणि ३,००३ सेकंदांचा ध्वनि; हजारांत तीनांचा नव्हे, एकाचा फरक. रूपांतराच्या वेळीं चित्र व ध्वनि दोन निरनिराळ्या घड्याळांनीं मोजले गेले कीं असें होतें. त्यानें ध्वनि वेगळा काढून ऑडॅसिटींत त्याची लय हजारांश भागानें वाढविली. पट्टी न बदलतां लय बदलतां येते, त्यामुळें दादांचा खर्ज जसाच्या तसा राहिला. मूळ फाइलीस हात लाविला नाहीं. हें पथ्य सर्वांनींच पाळावें.

वहिनींनीं मंगलाष्टकें दोनदां लावावयास सांगितलीं.

तिसरा प्रकार मात्र चिवट. फीत चुरगळलेली असेल तेथें कांहीं चित्रें गळतात आणि अंतर एकदम उडी घेतें. मग त्या जागीं तुकडे करून प्रत्येक निराळा जुळवावा लागतो. आमच्या फितींत अशी जागा अगदीं शेवटीं, पंगतींत आहे. वाढप्याची हांक अजून पळभर आधींच येते. तें आम्हीं तसेंच ठेविलें आहे.