टाचणीचे कूळ आणि गाव

आमचा पुतण्या उज्जैनच्या फ्रीगंज भागात कागद-लेखण्यांचे लहानसे दुकान चालवितो. शिंदे सरकारच्या चाकरीसाठी माळव्यात आलेल्या घराण्यातील मुलाने तराजू हाती धरावा, हे आमच्या वडीलधाऱ्यांस फारसे रुचले नव्हते. गेल्या वर्षी परदेशातून कचेरीचे सामान मागविण्याचे त्याच्या मनात आले आणि सीमाशुल्काच्या कागदांचा भारा घेऊन तो माझ्याकडे आला. "काका, तुम्ही जन्मभर कचेरीत घालविलात, एवढे वाचून द्या."

वाचू लागलो, तो रंगूनच गेलो. आपण ज्यास सरसकट 'कचेरीचे सामान' म्हणतो, त्याला या कोष्टकात एक घर नाही. स्टेपलर हे यंत्र, म्हणून ८४७२ या शीर्षकाखाली. त्याच्या पिना मात्र धातूच्या किरकोळ वस्तूंत, ८३०५ मध्ये. दोन्ही एकाच विक्रीच्या खोक्यात असतील, तर ज्या वस्तूमुळे त्या संचाला त्याचे मुख्य रूप येते तिचे घर साऱ्या संचाला मिळते. येथे अर्थात स्टेपलरचे. पेन्सिलीला टोक करण्याचे खिशातले साधन सुऱ्या-कातऱ्यांच्या शेजारी ८२१४ मध्ये बसते, आणि तेच टेबलावर बसवून दांडीने फिरवावयाचे झाले की स्टेपलरच्या पंगतीला जाते. सर्वांत गंमत खोडरबराची. ते रबराचे असेल तर ४०१६, प्लास्टिकचे असेल तर ३९२६. नावातल्या रबराला तेथे कोणी विचारीत नाही! अनेक देशांनी मान्य केलेली ही पद्धती भारताने १९८६ साली स्वीकारली.

येथवर सारे मौजेचे होते. पुढे माल पाठविणाऱ्याचे पत्र आले : खोक्यांवर आमच्या देशाचे नाव न घालता तुमच्याच दुकानाचे नाव छापून देतो, कोणी पाहत नाही. त्याच सुमारास एका सरकारी कचेरीने पुरवठ्यासाठी निविदा मागविल्या होत्या. २०१७ च्या आदेशाप्रमाणे सरकारी खरेदीत देशी मालास अग्रक्रम मिळतो. ते काम मिळते, तर दुकानावरच्या कर्जाचे वर्षभराचे हप्ते सुटले असते.

मी त्याला १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेला नियम दाखविला. आयात केलेल्या बांधीव मालावर तो कोणत्या देशाचा हे छापलेच पाहिजे. आणि येथे नुसते खोके बदलल्याने वस्तूचा जन्मदेश बदलत नाही. हा बडगा इंग्रजांनी आणला असे त्याला वाटत होते. इंग्रजांनी १८८७ साली आपल्या देशात तसा कायदा केला खरा. जर्मन माल लोकांनी ओळखून टाळावा, हा त्यामागचा एक हेतू. पुढे 'जर्मनीत बनविलेले' हीच शब्दावली नावाजली गेली, हा भाग निराळा. परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही शुल्काध्यक्षाची माणसे व्यापारी कोण, कोठून आला, माल किती आणि त्यावर मुद्रा कोठे उमटविली हे टिपून घेतात. मुद्रा नसेल तर शुल्काच्या दुप्पट भरणा, खोटी असेल तर आठपट दंड. उज्जयिनीचा माल भडोचच्या बंदराला जात असे, हे तर ग्रीक नाविकाने लिहून ठेवले आहे.

"काका, आठपट सोडा, मला एकपटच जड आहे," तो म्हणाला. मी गप्प राहिलो. हप्ते मला भरावयाचे नव्हते.

तीन दिवसांनी त्याने देशाचे नाव ठळक छापण्यास लिहून कळविले, आणि निविदेतही ते स्पष्ट लिहिले. काम दुसऱ्यास गेले. त्या आठवड्यात सूनबाईने त्याच्याशी मोजके शब्द बोलले असतील. स्टेपलर आता दुकानात एकेक करून खपतात. दोन शाळांनी काही डझन नेले.

दुसऱ्या मागणीच्या वेळी खोडरबरेही घ्यावयाची आहेत. ती कशाची केली आहेत, याचा लेखी खुलासा मागविला आहे. उत्तर अद्याप यावयाचे आहे.