मधला स्पीकर

होम थिएटर म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना चैन आठवते, आणि शेजारच्या घराच्या खिडक्या हादरविणारा आवाजही. अंजनवेलच्या आमच्या कौलारू घरात हा संच आला तो मात्र मातोश्रींसाठी. त्या नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. कानाचे यंत्र लावूनही ‘माणसे हलताना दिसतात, बोलणे कळत नाही’ म्हणून त्यांनी टीव्ही पाहणे सोडले होते. सपाट टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा पाठीमागे असतात. आवाज वाढविला तरी गलका वाढतो, शब्द उमटत नाहीत.

पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर, म्हणून यास ‘५.१’ म्हणतात. त्यांपैकी संवाद मुख्यत्वे मधल्या स्पीकरमधून येतात. तो टीव्हीखाली, मातोश्रींच्या कानाकडे किंचित वर वळवून ठेवला. त्यांच्या आरामखुर्चीपासून मोजून पुढचे दोन डावी-उजवीकडे ३० अंशांवर आणि मागचे दोन ११० अंशांच्या आसपास बसविले. कोनमापक नातवाच्या कंपासपेटीतले!

टीव्ही आणि रिसीव्हर यांच्यात एकच एचडीएमआय केबल पुरते. मात्र दोन्हीकडे ‘एआरसी’ लिहिलेल्या खोबणीतच ती जावयास हवी. स्पीकरच्या तारांत लाल टोक लालला, काळे काळ्याला. एक जोडी उलटली तरी तो स्पीकर वाजतोच. पण खर्ज क्षीण होतो आणि आवाज नेमका कोठून येतो ते कळेनासे होते. तेरीज जुळते, रक्कम मात्र भलत्याच खात्यात, तसा हा दोष. आपल्या व्यापारी वाचकांना अधिक सांगणे नको.

नंतर रिसीव्हरच्या मेनूत मधल्या स्पीकरची पातळी ३ डेसिबलने वाढविली. राजा परांजपे यांचा १९६० सालचा ‘जगाच्या पाठीवर’ लावला. जुन्या चित्रपटाचा ध्वनी एकपदरी. रिसीव्हरचा सराउंड पर्याय निवडल्यावर तो जवळजवळ सगळा मधल्या स्पीकरकडेच वळतो. मातोश्री दहा मिनिटे गप्प होत्या. मग पडद्यावरचे पात्र बोलण्याआधीच त्यांनी पुढचे वाक्य म्हटले आणि मला म्हणाल्या, ‘‘आवाज जरा कमी कर.’’

खाडीवरच्या खाऱ्या हवेने तांब्याची उघडी टोके काळवंडतात; ती दरवर्षी सेंटिमीटरभर कापून नव्याने सोलतो. विजा चमकू लागल्या की सर्व प्लग आणि डिशची तारही काढून ठेवतो. आषाढात कौलांवर सर कोसळू लागली, की पाचही स्पीकर हरतात. तेव्हा मातोश्री रिमोट स्वतःच बाजूला ठेवतात.