कार्लची धाव

एक धिप्पाड, कुरूप माणूस सुसाट धावत सुटलाय. अंगात मातकट कोट, पायांत चिखलाने माखलेले भलेथोरले बूट, आणि त्याच्या धावण्याच्या वाऱ्यानेच आजूबाजूची झाडं मोडून पडतायत. जेम्स स्टीफन्सच्या ‘आयरिश फेअरी टेल्स’ या पुस्तकासाठी आर्थर रॅकमने हे चित्र काढलं. लंडनच्या मॅकमिलनने ते पुस्तक १९२० साली प्रसिद्ध केलं. मुलांसाठी काढलेल्या चित्रांमध्ये मला सगळ्यात जास्त जिव्हाळा वाटतो तो याच चित्राचा.

चित्रामागची गोष्ट अशी. थेसलीच्या राजाचा मुलगा आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरतो आणि बजावतो, की मला धावण्यात हरवणारा माणूस आणा, नाहीतर खंडणी द्या. फिन या वीराचा सर्वांत वेगवान गडी नेमका त्या वेळी जवळ नसतो. त्याच्या शोधात निघालेल्या फिनला रानात हा कार्ल भेटतो. कुणी जवळही उभं करणार नाही असा गबाळा इसम, पण शर्यतीला मीच उतरतो म्हणतो. मन्स्टरपासून डब्लिनजवळच्या बेन एडरपर्यंत साठ मैल पळायचं असतं. कार्ल सकाळी उशिरापर्यंत घोरत पडतो, वाटेत थांबून ब्लॅकबेरी खातो, झुडपांना अडकून फाटलेले कोटाचे तुकडे आणायला उलटा मागे जातो, आणि तरीही जिंकतो.

१९२० साली आयर्लंड इंग्रजांशी लढत होतं. स्टीफन्स तेव्हा डब्लिनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात नोकरीला होता. त्याआधी १९१६च्या उठावात त्याने डब्लिनच्या रस्त्यांवरून हिंडत दिवसागणिक टिपणं ठेवली आणि त्याच वर्षी त्यांचं पुस्तक केलं. अशा दिवसांत परका राजपुत्र येऊन खंडणी मागतो आणि चिखलातला माणूस त्याला धूळ चारतो, ही गोष्ट आयरिश घरातल्या मुलांनी कशी ऐकली असेल ते वेगळं सांगायला नको. आणि त्या कार्लला रूप दिलं ते लंडनमध्ये जन्मलेल्या, अस्सल इंग्रज चित्रकाराने. रॅकमने त्याला हास्यास्पद केलं नाही, विदूषक केलं नाही. त्याच्या बुटांना वजन दिलं. ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

माझं बरंचसं आयुष्य छापखान्यात गेलं. त्यामुळे चित्र समोर आलं की हात आपोआप भिंगाकडे जातो. या पुस्तकाची एक जुनी प्रत माझ्याकडे आहे. कार्लच्या बुटांवर भिंग धरलं की चिखल नाहीसा होतो आणि पिवळे, तांबडे, निळे ठिपके दिसू लागतात. तपकिरी शाई कुठेच नाही. डोळा दूर नेला की तेच ठिपके पुन्हा चिखल होतात. ही हाफटोनची करामत. मूळ चित्र कॅमेऱ्यासमोर ठेवायचं, वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून त्याचे फोटो घ्यायचे, प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक करायचा आणि एकावर एक छापायचे. त्यासाठी गुळगुळीत आर्ट पेपर लागायचा, म्हणून त्या काळच्या अशा पुस्तकांत रंगीत चित्रं वेगळी छापून मग पानांत बसवलेली असायची. त्याआधीच्या पिढीत चित्रकाराचं चित्र दुसरा कारागीर लाकडावर कोरायचा किंवा दगडावर उतरवायचा आणि त्याचा हात चित्रात मिसळायचा. कॅमेऱ्याने हा मधला माणूस काढून टाकला.

रॅकम तरुणपणी एका विमा कंपनीत कारकून होता. पुढे साप्ताहिकांसाठी चित्रं काढू लागला, तिथे छपाईशी त्याची गाठ पडली. आपलं चित्र मशीनवर गेल्यावर त्याचं काय होतं, हे त्याला चांगलं माहीत होतं. तो आधी पेन्सिलने रेखाटन करायचा, मग टाकाने काळ्या शाईची रेघ ओढायचा आणि त्यावर जलरंगांचे पातळ हात द्यायचा, एकावर एक, बहुतेक मातकट, करडे. पहिल्या नजरेला ही त्याच्या स्वभावाची आवड वाटते. पण छापताना एखादा रंग केसभर सरकला तरी शाईची रेघ आकार सोडत नाही, आणि मंद रंग त्या वेळच्या ब्लॉकना भडक रंगांपेक्षा अधिक पेलत. मशीन काय देऊ शकतं हे ओळखून त्याने आपला हात घडवला, असं मी मानतो. कलावंताने तंत्रापुढे मान तुकवली, असं मात्र मी म्हणणार नाही.

मूळ चित्राचा कागद वेगळंच सांगतो. टाकावर जोर पडला तिथे रेघ जाड, उचलला तिथे केसासारखी. रंगाचं पाणी जिथे साचून सुकलं, तिथे कडेला गडद किनार. रबराने पुरती न गेलेली पेन्सिल. छापताना हे सगळं ठिपक्यांत विरून जातं. लंडनच्या लेस्टर गॅलरीजमध्ये रॅकमच्या मूळ चित्रांची प्रदर्शनं भरत आणि ती विकली जात. म्हणजे मूळ चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यात गेलं आणि मुलाच्या वाट्याला ठिपके आले. मला यात मुलाचा तोटा दिसत नाही. कार्ल गोष्टीच्या पानाशेजारी धावण्यासाठीच जन्मला. भिंतीवर तो एकटा पडतो.

तरीही मूळ चित्र जपलं पाहिजे, असं मी आग्रहाने म्हणतो, आणि त्याचं कारण भावनेपेक्षा व्यवहाराचं आहे. जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते तेव्हा पुष्कळदा छापील पानावरूनच चित्र उचलतात. ठिपक्यांवर नवे ठिपके बसतात, त्यांची जाळी उठते, सावल्या काळवंडतात, रेघ बुजते. पिढ्यान्‌पिढ्या मुलं मग त्याच चित्राची अधिकाधिक गढूळ नक्कल बघत राहतात. मूळ कागद हाती असेल तर शंभर वर्षांनीही चिखलातला प्रत्येक हात पुन्हा मोकळा होतो.

रॅकम जन्मला त्याच १८६७ साली कोल्हापुरात महादेव विश्वनाथ धुरंधर जन्मले. सी. ए. किंकेड या अधिकाऱ्याने आपल्या वारांच्या आणि व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या. १९१४ साली ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावाने त्यांचं पुस्तक मॅकमिलननेच काढलं आणि त्यातली चित्रं धुरंधरांची होती. त्यातल्या खुलभर दुधाच्या कहाणीतली म्हातारी आणि आयर्लंडचा कार्ल अशी एकाच प्रकाशकाच्या छत्राखाली, सहा वर्षांच्या अंतराने मुलांना भेटली. तिथेही साधीसुधी म्हातारीच राजाला भारी पडते.

आपल्याकडच्या छापखान्यांत मात्र एकदा ब्लॉक झाला की मूळ चित्राचं काम संपलं, अशीच रीत होती. ते पुठ्ठ्याच्या फायलीत जायचं, फाइल माळ्यावर, आणि पुढचं वाळवी बघून घ्यायची. मुलांच्या मासिकांची, दिवाळी अंकांची कितीतरी चित्रं अशी गेली. मोठ्यांच्या तैलचित्रांना चौकट मिळाली. मुलांसाठी काढलेल्या चित्राला कुणी चित्र म्हणून मोजलंच नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

म्हणून एक विनंती. घरातल्या जुन्या ट्रंकेत, आजोबांच्या कागदांत, बंद पडलेल्या छापखान्याच्या कपाटात असं एखादं चित्र सापडलं, समासात पेन्सिलने मापं आणि ब्लॉकमेकरसाठी सूचना लिहिलेलं, तर ते रद्दीत घालू नका. त्याची घडी करू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. जलरंग उन्हाने उडतात. संग्रहालयं अशा कागदांवर साधारण पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. आम्लविरहित कागदात ते सपाट ठेवा, कोणत्या पुस्तकाचं, कोणाचं, कोणत्या साली, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, चांगला स्कॅन करून घ्या आणि त्या पुस्तकाच्या प्रकाशकाला कळवा.