पाण्याची धार

कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. दाबाकडून काम करून घेण्याची विद्या आपल्याकडे अशी जुनीच! तरीही पाण्याच्या धारेने पत्रा कापणारे यंत्र घरी बनवू, असे नातवाने सुचविले तेव्हा मी हसलो. मुंबईच्या गिरणीत आणि पुढे येथे बेर शेवाच्या कारखान्यात फिटर म्हणून माझे आयुष्य गेले. अडचणी मला दिसत होत्या.

कारखान्यातील अशा यंत्रात पाण्याचा दाब सुमारे ४००० बार असतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ ४००० पट. आमच्याजवळ होता मोटारी धुण्याचा १५० बारचा पंप. नुसत्या पाण्याने पत्र्यावर ओरखडाही उठेना. मग गार्नेटची बारीक वाळू धारेत सोडली. खरे कापते ती वाळू. पाणी तिला केवळ वेग देते. परंतु ओल मागे चढून वाळूचा चिखल होई आणि नळी तुंबे. सुरू करताना आधी पाणी, मग वाळू. थांबविताना आधी वाळू बंद, मग पाणी, हा क्रम उमगण्यास दोन आठवडे लागले. पितळी तोटी तर वाळूनेच खाऊन टाकली. अखेर टंगस्टन कार्बाइडची नळी आणावी लागली.

एके सायंकाळी रबरी नळीच्या जोडाशी बारीक फवारा दिसला. गळती चाचपण्यासाठी नातवाने बोट पुढे केले. मी ओरडलो, "अरे, हात काढ!" घरीदारी हिब्रू बोलणारा तो मुलगा, त्याला शब्द समजला की माझा आवाज, कोण जाणे, पण हात मागे आला. अशी धार कातडी भेदून आत शिरते. वर टाचणीएवढी खूण दिसते, आत मात्र बोट गमावण्याइतकी इजा झालेली असते.

त्या रात्री मला झोप आली नाही. वाळू, तोटी, नळी सारे मी त्याला शिकविले होते. हेच तेवढे सांगितले नव्हते. चूक माझी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही यंत्राभोवती जाड आडोसा केला. आता गळती शोधायची ती पंप बंद करून, नाहीतर दुरून पुठ्ठा धरून. पुढे एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापला गेला. वीतभर कापास अर्धा तास लागला. नातवाला आनंद झाला, मलाही झाला.

वाचकहो, हातातील विद्या नातवंडांना अवश्य द्यावी. पण तिच्यातील धोका आधी सांगावा.