हिरवा दिवा

येत्या दसऱ्याला आमच्या टियागो ईव्हीला दोन वर्षं होतील. तेवढ्या काळात लग्नात, मुंजीत, एकदा तर चक्क बाराव्याच्या पंगतीत मला एकच प्रश्न विचारला गेलाय, "काय रे, ती चार्जिंगची गाडी कशी काय चाललीय?" मंडळी, आता एकदाच लेखी सांगतो. गाडी झकास चालली आहे. तक्रार गाडीची नाहीच. तक्रार आहे ती गाडीसाठी बाहेरून घेतलेल्या एका डब्याची. आणि ती इथे लिहायचं कारण म्हणजे ठाण्याच्या काकांनी परवा फोनवर सांगितलं की त्यांनीही हुबेहूब तसलाच डबा बघून ठेवलाय. "रिव्ह्यू फार चांगले आहेत रे त्याचे!" काका, थांबा. आधी हे वाचा.

ज्यांच्याकडे अशी गाडी नाही त्यांच्यासाठी थोडं मास्तरकीचं. गाडीबरोबर एक वायर मिळते. तिच्या एका टोकाला गीझरला असतो तसा मोठा तीन पिनांचा टॉप, दुसऱ्या टोकाला गाडीत खुपसायची गन, आणि मध्ये एक डबा. त्या डब्याला आपण सगळेच चार्जर म्हणतो, पण खरा चार्जर असतो गाडीच्या पोटात. घरातल्या एसी करंटचा डीसी तिथे होतो. मधला डबा म्हणजे दारावरचा वॉचमन. तो गाडीला सांगतो की या सॉकेटमधून एवढाच करंट ओढ. कुठे करंट गळतोय का ते बघतो. आणि सगळ्यात आधी बघतो की सॉकेटला अर्थिंग आहे की नाही. नसेल तर लाल दिवा लावून ढिम्म बसून राहतो. तुम्ही कितीही डोकं आपटा.

अर्थिंगचं एवढं कौतुक कशाला? तर गाडी उभी असते चार रबरी टायरांवर, म्हणजे जमिनीपासून तुटलेली. पेट्रोलच्या गाडीचा घरातल्या विजेशी कधी संबंधच येत नाही. ही गाडी मात्र रात्रभर, आठ-नऊ तास, चौदा-पंधरा अँपियर ओढत घराच्या वायरिंगला जोडलेली असते. उद्या कुठे आत बिघाड होऊन पत्र्यात करंट उतरलाच, तर त्याला जमिनीत जायला अर्थिंगची वायर हवी. ती नसेल तर करंट वाट बघत बसतो. मग जो कुणी अनवाणी येऊन दाराला हात लावेल, तोच त्याची वायर.

आता आमची भानगड. मी राहतो विरार पश्चिमेला, चौथ्या मजल्यावर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट मिळावा म्हणून दोन वार्षिक सभांत विषय मांडून झाला. घरी खाजगी चार्जिंग करायला परवानगी आहे असं केंद्राच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलंय. ती प्रत सेक्रेटरींना दिली. त्यांनी ती व्यवस्थित पंच करून फाइलला लावली. असो. तोवर आठवड्यातून दोनदा गाडी रात्री आगाशीला वाडीत नेऊन लावायची आणि दादाच्या स्कूटरने परत यायचं, असं चाललं होतं. दुपारी अधूनमधून वालीवला ऑफिसच्या गाळ्यातही चार्जिंग होतं, म्हणून कंपनीचा डबा कायम डिकीत. तो दर वेळी काढा, पडवीत टांगा, सकाळी पुसून, गुंडाळून परत ठेवा. पावसाळा तोंडावर आल्यावर वाटलं, वाडीत एक कायमचा टांगलेला असावा. कंपनीच्या दुसऱ्या डब्याची किंमत ऐकली आणि इंटरनेटवर शोधायला बसलो.

आठ हजार नऊशेला एक मिळाला. वर्णनात नऊ प्रकारच्या सुरक्षांची यादी होती, त्यात अर्थ फॉल्ट होता, लीकेज होतं, विजेचा दाब वरखाली झाला तर आपोआप बंद होणं होतं. खाली शेकड्याने पाच-पाच तारे. चार दिवसांत डबा आला. दिसायला कंपनीच्या डब्याहून देखणा, वर रंगीत आकडे. लावला, हिरवा दिवा लागला, सकाळी गाडी शंभर टक्के. आईने त्याला हळदकुंकू लावलं. (आमच्याकडे मिक्सरलाही लावतात.)

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला अप्पा म्हणाले, "तुझ्या गाडीला हात लावला की मुंग्या येतात."

अप्पा शहात्तर वर्षांचे. डायबिटीस जुना. पायांना मुंग्या येतात ही तक्रार घरात इतकी रुळलेली की कुणी मान वर करून बघत नाही. वहिनी म्हणाली, "अप्पा, गोळी घेतलीत का?" आई म्हणाली, "सकाळी पण म्हणत होते." अप्पा गप्प बसले. पण मला ते 'गाडीला हात लावला की' खटकलं. अप्पा पहाटे पाचला उठून अनवाणी वाडीत फिरतात, केळीला पाणी, गुलछडीला पाणी, आणि पडवीतून जाता-येता गाडीवर हात ठेवून. म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. मी स्वतः हात लावून बघितला. काही नाही. पण माझ्या पायात रबरी चप्पल होती.

त्या रात्री डिकीतला कंपनीचा डबा काढून त्याच सॉकेटला लावला. लाल दिवा. काढून पुन्हा लावला. लाल.

आता या लाल दिव्याचा अर्थ घरात काय लागला असेल? दादा म्हणाला, "बघ, कंपनीचा महागाचा दोन वर्षांत गेला आणि हा नऊ हजाराचा टकाटक चालतोय." शेजारचे दोघेजण येऊन बघून गेले, त्यांचंही तेच मत. आणि खरं सांगायचं तर वरवर बघणाऱ्याला दुसरं काय दिसणार? एक चालतो, एक चालत नाही. जो चालत नाही तो बिघडलेला. पण हाच 'बिघडलेला' डबा त्याच दुपारी वालीवला निमूटपणे चार्जिंग करत होता.

दुसऱ्या दिवशी आळीतल्या वायरमनला बोलावलं. विहिरीच्या पंपाचं आमचं सगळं काम तोच करतो. बोलतो कमी. त्याने होल्डरमधला बल्ब काढला, टेस्ट लॅम्प म्हणून. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थमध्ये धरला, काही नाही. सॉकेट उघडून दाखवलं. वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. तिथे नुसता स्क्रू, त्यावर कोळ्याचं जाळं. मीटरच्या फळीवर जुने पांढरे किटकॅट फ्यूज. हे वायरिंग झालं तेव्हा आमची ग्रामपंचायत होती आणि आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. २००९ मध्ये महापालिका आली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, वायरिंग तेच.

म्हणजे कंपनीचा डबा बरोबर होता. मग नवा हिरवा कसा?

वायरमनने मल्टीमीटर बीपवर टाकला. एक टोक नव्या डब्याच्या टॉपच्या न्यूट्रल पिनेला, दुसरं गनमधल्या अर्थच्या पिनेला. टीं... करून वाजला. कंपनीच्या डब्याला तसंच लावलं, आवाज नाही. तो म्हणाला, "आतून लूप मारलाय." मग मला समजेल अशा भाषेत सांगितलं. अर्थिंग नसलेल्या घरात मशीन चालावं म्हणून काही लोक सॉकेटमध्येच न्यूट्रलची वायर अर्थला जोडून टाकतात. मशीनला वाटतं अर्थिंग आहे. ही ट्रिक जुनीच. इथे ती डबा बनवणाऱ्यानेच आत करून ठेवलेली. वॉचमन झोपलेला होता असंही नाही. त्याला "सगळं ठीक आहे" एवढंच बोलायला शिकवून पाठवलं होतं.

मग त्याने नवा डबा लावून चार्जिंग सुरू केलं आणि गाडीचा पत्रा आणि पडवीबाहेरची ओली माती यांच्यात मीटर लावला. अठरा व्होल्ट. मीटरपासून पडवीपर्यंतची वायर लांब आणि बारीक, तिच्यातून चौदा अँपियर सतत जातोय, त्यामुळे न्यूट्रलवरच तेवढा दाब चढतो, आणि न्यूट्रल म्हणजे आता गाडीचा पत्रा. अप्पांच्या मुंग्या त्या अठरा व्होल्टच्या होत्या. डायबिटीसच्या नव्हत्या.

"अठराने माणूस मरत नाही," वायरमन म्हणाला. मला जरा हायसं वाटतंय तोच पुढे म्हणाला, "पण वाऱ्यात खांबावरचा न्यूट्रल तुटला ना, की घरातल्या पंख्या-बल्बांतून फेज फिरून न्यूट्रलवर येतो. मग पत्र्यावर दोनशे तीस."

आमच्याकडे जून-जुलैत वाऱ्याने काय काय तुटतं ते वसई-विरारकरांना सांगायला नको. नारळाची एक झावळी पुरते. मी काहीच बोललो नाही. अप्पा तिथेच झोपाळ्यावर बसून ऐकत होते. त्यांनी आईकडे बघितलं आणि म्हणाले, "मी सांगत होतो." एवढंच. वहिनी आत चहा ठेवायला गेली.

त्याच संध्याकाळी विकणाऱ्याला फोन लावला. पहिला मुलगा फारच नम्र. "सर, प्रॉडक्ट चालू आहे ना? चालू प्रॉडक्ट रिटर्नमध्ये बसत नाही." मी म्हटलं, अहो, तो चालतोय हीच तर तक्रार आहे! तो चालायला नको होता! त्याने मला दोन मिनिटं होल्डवर ठेवलं. दुसरा आला, हा जाणता. न्यूट्रल, अर्थ, बीप सगळं त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, इंडिया में अर्थिंग किधर मिलती है? ये मॉडेल उसी के लिए है. आपको अर्थवाला चाहिए तो वो भी है, दो हजार ज्यादा."

हे वाक्य मी नंतर कागदावर लिहून ठेवलं. म्हणजे हा नजरचुकीने राहिलेला दोष नव्हता. दोन प्रकार बनवले जातात, आणि दोन्हींच्या वर्णनात त्याच नऊ सुरक्षा छापलेल्या. राग विकणाऱ्याचा आलाच, पण त्याहून जास्त चमत्कारिक वाटलं ते रिव्ह्यू पुन्हा वाचताना. आता मला काय शोधायचं ते माहीत होतं. "गावाकडच्या घरी ओरिजिनल चालत नव्हता, हा पहिल्या झटक्यात चालला." "कुठेही लावा, लाल दिवा नाही." "कंपनीवाले उगाच नखरे करतात." पाच तारे, पाच तारे, पाच तारे. ही सगळी खरी माणसं असणार. खोटं कुणीच लिहिलेलं नाही. प्रत्येकाचा दिवा खरोखरच हिरवा लागलाय. आणि प्रत्येकाच्या अंगणात कुणीतरी अनवाणी फिरत असेलच की.

मी एक तारा देऊन सविस्तर रिव्ह्यू लिहिला. तो अजून दिसत नाही. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. पोच वेळेत आली, अगदी सुंदर भाषेत. निवारणाचा महिना उलटून गेल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन करून तक्रार नोंदवली आहे. बघू. आठ हजार नऊशे गेले तर गेले, पण ते वर्णन तिथून उतरायला हवं. आज सकाळी बघितलं, आहे तसंच आहे. वर सणाची सवलतही.

काका, आता तुमच्यासाठी. डबा कुठलाही घ्या, आधी सॉकेट तपासून घ्या. फेज-अर्थमध्ये बल्ब पेटतोय का हे कुठलाही वायरमन पाच मिनिटांत सांगतो, आणि न पेटलेला सॉकेट तर नक्कीच वाईट. नवा डबा आला की टॉपची न्यूट्रल पिन आणि गनमधली अर्थची पिन यांच्यात मीटर वाजतो का ते बघा, तेही टॉप सॉकेटमध्ये घालायच्या आधी. वाजला तर तसाच परत पाठवा. आणि तुमच्या जुन्या चाळीच्या खोलीत ओरिजिनल डब्याचा लाल दिवा लागला तर त्याच्यावर चिडू नका.

वाडीतलं काम मात्र एका दिवसात झालं. आमच्याकडची जमीन म्हणजे अर्थिंगला आयतीच, बावखलाच्या कडेला तर उन्हाळ्यातही माती ओली असते. तिथून जरा अलीकडे खड्डा खणला, जीआय पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ. तिथून वेगळी हिरवी वायर सॉकेटपर्यंत. पडवीपर्यंत नवी चार स्क्वेअर एमएमची केबल, नवा एमसीबी, आणि तीस मिलिअँपियरला उडणारा आरसीसीबी. किटकॅट फ्यूज काढले ते आईने ठेवून घेतले, कशाला ते विचारलं नाही. वायरमनने मशीन लावून अर्थिंग मोजलं, तीन ओहमच्या आत. मजुरी, सामान सगळं मिळून अकरा हजार दोनशे. कंपनीचा डबा लावला, त्याने दोन सेकंद विचार केला आणि हिरवा झाला. अप्पांनी चप्पल काढली, ओल्या जमिनीवर उभे राहिले आणि माझ्या "अप्पा, थांबा" कडे लक्ष न देता बॉनेटवर पूर्ण तळवा ठेवला.

"काही नाही," म्हणाले.

पाइपाच्या तोंडात अधूनमधून पाणी घालायचं असतं, उन्हाळ्यात विशेष. वायरमनने महिन्यातून एकदा सांगितलंय. अप्पा रोज घालतात, गुलछडीचं झालं की शेवटचा तांब्या तिथे. नवा डबा तक्रारीचा निकाल लागेपर्यंत जपून ठेवणं भाग आहे, म्हणून माळ्यावर आहे. त्याचा टॉप तेवढा वायरमनने जाताना पकडीने कापून माझ्या हातात दिला, कुणी चुकून लावायला नको म्हणून.